कोशाचा नेम

आमच्या बचत गटाला बँकेचं पहिलं कर्ज मिळालं ते किड्यांसाठी. ही बातमी मी माहेरी, गोंडपिपरीकडे, फोन करून सांगितली तेव्हा माझ्या भावाला वाटलं, किडे मारायच्या औषधासाठी. त्यांच्याकडे कापूस आणि सोयाबीन. किडा दिसला की फवारा मारायचा, एवढंच त्यांना ठाऊक. पैसे भरून किडे घरी आणणाऱ्या बायका त्यानं बघितल्या नव्हत्या. "दाजीले दे बरं फोन," म्हणाला. दाजींना विचारूनच सगळं नीट कळतं अशी माझ्या माहेरची समजूत आहे.

माझं सासर वैनगंगेच्या पलीकडे, गडचिरोली जिल्ह्यात, जंगलाला लागून. तळ्यावर मासे धरणारं आणि थोडं धान पिकवणारं घर. पोळा झाला की या घरातले पुरुष जंगलात कोसा काढायला जायचे. कोसा म्हणजे टसर रेशमाचा कोष. रेशीम ऑफिसातून अंडी आणायची, अळ्या निघाल्या की ऐनाच्या झाडांवर सोडायच्या आणि पुढचा दीड महिना पाखरं, मुंग्या, माकडं यांच्यापासून त्यांची राखण करायची. एका झाडाचा पाला संपला की फांदीसकट उचलून दुसऱ्या झाडावर न्यायच्या. शेवटी अळी स्वतःभोवती कोष विणते, तो विकायचा. अळीला आमच्याकडे सगळे किडाच म्हणतात, मीही म्हणते.

या कामाला कडक नेम असतो. किडे झाडावर असेपर्यंत राखणाऱ्यानं मासोळी, मटण, अंडं खायचं नाही. डोक्याला तेल नाही, दाढी नाही, झाडांखाली चप्पल नाही. आणि बाईनं तर त्या झाडांखाली पाऊलच टाकायचं नाही. माझे सासरे, ज्यांना मी मामाजी म्हणते, दीड महिन्यानं घरी यायचे तेव्हा दाढी जंगलासारखी वाढलेली आणि चेहरा असा, की मी लगबगीनं पाणी तापवायला जायची. पुढचे पंधरा दिवस त्यांना रोज मासोळीचं कालवण. बिचाऱ्यांनी सोसलं किती!

मग मामाजींचे गुडघे गेले. माझा नवरा गडचिरोलीला गाडी चालवतो, त्याला किड्यांसाठी वेळ नाही. आमच्या घराच्या वाट्याचा ऐनाचा पट्टा दोन वर्षं रिकामा राहिला आणि गावातल्या मोठ्या माणसांनी तो दुसऱ्या घराला द्यायचं मनावर घेतलं. तेव्हा माझी सासू उठली. मी त्यांना आत्याबाई म्हणते. त्या आमच्या गटाच्या अध्यक्ष, मी सचिव, कारण मला अर्ज लिहिता येतो. "झाडं कोनाले देऊ नका," त्या म्हणाल्या, "आमचा गट कोसा काढते."

लोक हसले. मामाजी सगळ्यांत जास्त हसले. "किडे बाईचा वास ओरखतात," म्हणाले. गटातली एक दांडगी बाई आहे, तिच्या जिभेला हाड नाही. ती म्हणाली, "तुमी बाईच्याच पोटातून आले ना मामाजी, तुमचा वास नाई ओरखत काय?" शेवटी गावानं सांगितलं, एक पीक करून बघा. बुडलं तर झाडं गेली, आणि पुन्हा बायांनी जंगलाचं नाव काढायचं नाही. आत्याबाईंनी मान डोलावली. चाळीस वर्षं त्या कोसा निवडत होत्या, उकळत होत्या, पण झाडावरचा जिवंत किडा त्यांनी एकदाही पाहिला नव्हता. तो त्यांना बघायचा होता आणि ती झाडं त्यांना हवी होती. बँकेला मी लिहून दिलं ते 'उत्पन्नवाढीसाठी'.

कर्जातून अंडी आली, जाळ्या आल्या, चुना आला. किडे यायच्या आधी आम्ही दहाजणी राखणीची जुनी खोपडी, म्हणजे गवताची झोपडी, दुरुस्त करायला गेलो. चप्पल बाहेर, केसांना तेल नाही, घरून निघतानाच सगळ्यांनी मासोळी सोडलेली. नेम पुरुषांपेक्षा एक इंच जास्तच कडक, कारण आमच्यावर डोळे होते. आत्याबाई छपराचं कुजलं गवत ओढत होत्या. गवताबरोबर एक पत्र्याचा डबा खाली पडला. त्यात हळद, तिखट, मीठ. गुंडाळून ठेवलेली दोरी आणि तिला मासे धरायचा गळ. मागोमाग एक काळाकुट्ट तवा आला, त्याच्या काठाला मासोळीची खवलं चिकटून वाळलेली.

आम्हाला कळायला वेळ लागला नाही. नऊजणी हसून हसून खाली बसलो. मला तर मामाजींची ती वाढलेली दाढी आठवत होती आणि पोटात कळ येत होती. नाला तर तिथून शंभर पावलांवर. आत्याबाई हसल्या नाहीत. त्यांनी तवा उलटासुलटा करून पाहिला, डबा बंद केला आणि म्हणाल्या, "चला, गवत आना." मला वाटलं, नवऱ्याची अब्रू म्हणून गप्प आहेत. संध्याकाळी मी मामाजींना वाढताना म्हटलं, "मामाजी, खोपडीत मीठ सापडलं." त्यांना असा ठसका लागला की दोन तांबे पाणी लागलं. आत्याबाई चुलीकडे तोंड करून बसल्या होत्या, वळल्या नाहीत.

किडे झाडावर चढले आणि आमचं दुसरं घर जंगलात झालं. ज्या बाईला ज्या दिवशी जमायचं नाही ती त्या दिवशी गावात थांबायची, बाकीच्या गुलेल घेऊन पाखरांमागे. आत्याबाई एकेका फांदीखाली मान वर करून उभ्या राहायच्या. किडा पाला खातो त्याचा बारीक आवाज येतो, तो त्यांनी मला मुद्दाम ऐकवला. सुनेचं बाळंतपण करायला आलेल्या बाईसारख्या त्या मला दिवसातून दहा वेळा सांगायच्या, हा आता कात टाकेल, हा आज खात नाही. मला तर सगळे सारखेच दिसायचे.

मधेच एक दिवस बँकेचे साहेब पाहणीला आले. तरुण, शहरातले, बूट चकचकीत. आम्ही पट्ट्याभोवती दोरी बांधली होती. दोरीशी दांडगी बाई उभी. तिनं विचारलं, "साहेब, सकाळी काय खाल्लं?"

"का?"

"सांगा तं."

"ऑम्लेट."

"मंग तिथीच थांबा."

साहेब दोरीबाहेर उभे राहून ओरडून प्रश्न विचारू लागले, आम्ही झाडांखालून ओरडून उत्तरं देऊ लागलो. कर्जाच्या कागदाला लाभार्थ्याचा मालमत्तेसोबत फोटो लागतो. त्यांनी दोरीबाहेरूनच मोबाईल धरला आणि म्हणाले, "मालमत्ता दिसत नाहीये." दिसणार कशी? हिरव्या पाल्यावर हिरवे किडे. मग आत्याबाईंनी एक फांदी वाकवली आणि किडा गालाजवळ घेतला. तो फोटो माझ्याकडे अजून आहे. आत्याबाई त्यात हसतायत, आणि त्या फोटोसाठी हसणाऱ्यांतल्या नव्हेत.

मग दसऱ्याच्या सुमारास, नको त्या वेळी, झड लागली. चार दिवस झाडं गळत राहिली. पाचव्या दिवशी किडे फांद्यांना उलटे लटकलेले दिसले, ढिले, काळपट. हात लावला की गळून पडत. आत्याबाई मेलेले किडे टोपलीत गोळा करत होत्या. निम्म्याच्या वर गेले. मला तेव्हा हप्त्याची भीती वाटली, हे कबूल करते. त्यांना हप्त्याची नव्हती.

दुसऱ्याच दिवशी समाजमंदिराच्या ओट्यावर बैठक बसली. पुरुष बसलेले, आम्ही खाली उभ्या. मामाजी काठी घेऊन कोपऱ्यात. गावातले एक वयस्कर भाऊ म्हणाले, "आता बोलाचं काय आहे? बाईचा पाय लागला. झाडं देऊन टाका."

मी तयारी करून गेले होते. रेशीम ऑफिसच्या माणसाकडून लिहूनच आणलं होतं की सततच्या ओलीनं किड्यांना रोग पडतो, पलीकडच्या दोन गावांतही पडला आहे, आणि तिथं तर पुरुषच राखत होते. मी मोठ्यानं वाचलं. "कागदानं किडे जगत नाई, बाई," भाऊ म्हणाले. मी कागदाची घडी घातली. दहावी पास असल्याचा इतका कमी उपयोग मला कधी झाला नव्हता.

मग आत्याबाई पुढे झाल्या. "भाऊ, मले एक सांगा. इतके वर्सं किडे कशानं जगले?"

"नेमानं."

"नेम मंजे?"

"मासोरी नाई खायची, मटन नाई खायचं. तुले काय मालूम नाई?"

"मले मालूम आहे. तुमाले आहे काय, थेच विचारून राह्यली. आमच्या खोपडीत हळद निंगाली, तिखट निंगालं, गळ निंगाला, तवा निंगाला. बाकीच्या खोपड्या आमी नाई उकलल्या. उकलाव काय?"

ओट्यावरचा एकजण चपलेचा अंगठा तपासू लागला. दुसऱ्यानं न वाजलेला फोन कानाला लावला आणि "हो, हो" करत गल्लीत गेला, तो परत आला नाही. भाऊ छताकडे बघत होते.

"मंजे तुमी खात होते," आत्याबाई म्हणाल्या. "मंग किडे मरायले पायजे होते. मेले काऊन नाई? कारन घरी आमी होतो."

आणि तेव्हा माझ्या ध्यानात आलं. राखणाऱ्याच्या बायकोनंही घरी तोच नेम पाळायचा असतो. सुनांना सूट असते, त्या सुटीचा मी लग्नापासून पोटभर फायदा घेतला होता. आत्याबाईंच्या ताटात त्या दीड महिन्यात काय असतं, हे मी रोज वाढत होते आणि कधी बघितलं नव्हतं.

"मी या घरात आली तवापासून," त्या म्हणाल्या, "किडे झाडावर असले का माह्या तोंडात मासोरी गेली नाई. चाळीस वर्सं. पोटात लेकरू होतं, लय मन होये, तरी नाई. रोज दुसऱ्याले रांधून देली आन् मी मिठासंग भात खाल्ला. किडे जगले थे माह्या नेमावर जगले. झाडाखाली माहा पाय नवता, पन किडे माहेच होते. आता माहेच किडे मले पाहून मरतीन?"

 मागून दांडग्या बाईचा आवाज आला, "आन् या खेपेले घरी कोन होतं?"

सगळ्यांच्या माना मामाजींकडे वळल्या. घरी राहिलेल्या बाईला नेम असतो हे गावाला ठाऊक होतं, घरी राहिलेल्या पुरुषाला असतो हे कोणी ऐकलंच नव्हतं. झडीत मी गावात थांबले होते त्या दिवशी मीच त्यांना झिंगे करून वाढले होते, तेही दोनदा. मी जमिनीकडे बघू लागले. बायांमध्ये खसखस पिकली, मग ओट्यावरही एकदोघांना हसू आवरेना.

मामाजी काठीवर जोर देऊन उठले. मला वाटलं, चिडून निघून जातील. ते म्हणाले, "खाल्ली. म्या खाल्ली. या साली बी आन् दर साली बी."  "झाडं बुढीचे आहेत." आणि बसले.

गाव काही एका भाषणानं बदलत नाही. बऱ्याच कुजबुजीनंतर भाऊंनी सांगितलं, बरं, आणखी एक पीक बघू. उरलेले कोसे विकून हप्ता जेमतेम गेला आणि गटाच्या हाती काही उरलं नाही, तरी दहाहीजणी थंडीच्या पिकासाठी पुन्हा अंडी आणायला तयार झाल्या.

त्या पिकाला घर सांभाळायला मी गावातच राहिले. आत्याबाई जंगलात गेल्या त्याच दुपारी मी तळ्याच्या ताज्या मासोळ्या तळल्या आणि सवयीनं मामाजींच्या ताटात दोन टाकल्या. त्यांनी ताट मागे सारलं.

"बरं नाही का वाटत?" मी विचारलं.

"बुढी झाडाखाली आहे."

मला राहवलं नाही. म्हटलं, "इथं कोण बघतंय, मामाजी?" ते हसले नाहीत. वरणभात घेतला आणि खाली मान घालून जेवले. सोपं गेलं नाही त्यांना. शेजारी फोडणी पडली की काठी घेऊन एसटीच्या थांब्यावर जाऊन बसायचे, कुठं जायचं नसताना. कंडक्टर ओळखीचा झाला. पण दीड महिना त्यांनी मासोळीला हात लावला नाही.

पीक चांगलं आलं. आत्याबाई कोशांचं पोतं घेऊन घरी आल्या, पाय धुवायच्या आधी मला बाजूला घेऊन हळूच विचारलं, "बुढ्यानं खाल्ली?"

"नाही."

"एकडाव बी?"

"एकदाही नाही."

मी खोटं बोलतेय का ते बघायला त्या कितीतरी वेळ माझ्या तोंडाकडे बघत राहिल्या. मग तिथेच ओट्यावर बसल्या आणि रडल्या. किडे मेले तेव्हा त्या रडल्या नव्हत्या, बैठकीतही नाही. मी काय करावं न कळून शेजारी बसले.

"चाळीस वर्सं," त्या म्हणाल्या. "येवढंच तं करायचं होतं त्यानं."