सायमनकाकांचा काठोकाठ भरलेला पेला

सायमनकाकांची नोकरी माझ्यामुळे गेली, हे मी आजवर कोणाला सांगितलेलं नाही. बायकोला नाही, आमच्या चर्चच्या पाळकांना नाही, काकांनाही नाही... अर्थात त्यांना सांगायची गरजच नव्हती. पाच आठवड्यांपूर्वी सकाळी त्यांच्या मुलीचा, रूथचा, फोन आला. "विलासदादा, पप्पा गेले. चहा ठेवला होता म्हणे गॅसवर. शेजारच्या भाभींनी येऊन बंद केला." मी पालघरच्या घरात खिडकीपाशी उभा होतो. कधी निघताय, कोण कोण येतंय, असं जे विचारायचं ते सगळं विचारलं. पण फोन ठेवल्यावर जी पहिली गोष्ट मनात आली ती दुःखाची नव्हती. हुश्श वाटलं. आता हे माहीत असलेला माणूस जगात उरला नाही, असं वाटलं. नंतर रडलो, पण ते नंतर.

काका मूळचे नगरकडचे. तारापूरच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका रसायनांच्या कारखान्यात ते ऑपरेटर होते, आणि मी त्यांच्याहून वीसेक वर्षांनी लहान असून त्यांचा शिफ्ट इनचार्ज. कारखान्यात ते मला साहेब म्हणत, बोईसरच्या त्यांच्या खोलीवर विलास. खोलीवर मी दर रविवारी दुपारी जायचो, ग्रीक शिकायला. हे ऐकून लोक हसतात. दहावी झालेला ऑपरेटर आणि ग्रीक... पण तरुणपणी गावाकडच्या एका म्हाताऱ्या पाळकांनी त्यांना बायबलातल्या नव्या कराराची ग्रीक अक्षरं गिरवायला लावली होती आणि काकांनी ती पुढे सोडली नाहीत. फर्स्ट शिफ्ट करून, डोक्यावरून पाणी घेऊन, ते शब्दांच्या वह्या काढून बसत. आम्ही उपासनेला येणारे तीन-चार जण समोर चटईवर.

भीती हा विषय त्यांच्या खास आवडीचा. देवाचं भय धरा, असं आम्ही लहानपणापासून ऐकत आलेलो, म्हणजे देव छडी घेऊन बसलेला. काका म्हणाले, "मूळ शब्द फोबोस. येशूची कबर रिकामी बघून बाया पळाल्या, तेव्हाही त्यांना वाटलं ते हेच. आणि देवापुढं जो गुडघे टेकतो, त्यालाही तेच वाटतं." मी विचारलं, मग कोणतं भय कोणतं हे ओळखायचं कसं? "पाय बघायचे," काका म्हणाले. "पळतायत का थांबलेत." मग त्यांनी वहीचं पान उलटलं. अजून एक शब्द आहे म्हणाले, युलाबेया. त्याचं भाषांतर कुणी आदर करतं, कुणी भक्ती, कुणी धाक. पण त्याच्या पोटात नीट धरणं आहे, जपून हाताळणं आहे. नोहानं अजून न आलेल्या पुराची वार्ता ऐकून तारू बांधायला घेतलं, तिथे याच शब्दाचं क्रियापद येतं. "घाबरून डोंगरावर नाही पळाला गडी. फळ्या मोजायला बसला."

एवढं बोलून ते उठले, स्टीलच्या पेल्यात चहा ओतला, अगदी काठोकाठ, आणि म्हणाले, "हा घेऊन दारापर्यंत जा आणि परत ये." मी गेलो. थेंब न सांडता जाताना माझा श्वास आपोआप संथ झाला, नजर पेल्यावरून हलेना. परत आलो तेव्हा काका म्हणाले, "आता सांग, चहाला घाबरलास का?" सगळे हसले. त्या दिवसापासून त्यांच्या खोलीवर चहा नेहमी काठोकाठच मिळायचा. नवीन माणूस आला की त्याची चटईपर्यंतची कसरत बघायला आम्ही टपून बसायचो.

एकदा आम्ही दोघं सातपाटीला सुकी मासळी आणायला गेलो होतो. बंदरावर एक म्हातारे तांडेल जाळं दुरुस्त करत बसले होते. आयुष्यभर होडी चालवलेला माणूस. काकांनी त्यांनाच विचारलं, समुद्राची भीती वाटते का म्हणून. तांडेलांनी मान वर न करता सांगितलं, "भ्यालो असतो त गेलो नसतो. नाय भ्यालो असतो त परत आलो नसतो." काकांनी तिथल्या तिथे खिशातून वही काढली. तांडेल म्हणाले, "लिवता काय मास्तर? बोंबील घ्या आधी, इकणाऱ्या पोरी कवाच्या थांबल्यात."

आता ते सांगतो, जे सांगायचं टाळत इतकं लिहिलं.

रिअ‍ॅक्टर म्हणजे रसायनं शिजवायची मोठी बंद टाकी. ती आतून धुवायला माणूस उतरवायचा तर आधी मीटरने आतली हवा तपासायची, आकडा परमिटच्या कागदावर लिहायचा, मग इनचार्जने सही करायची. हा नियम. आमची रीत वेगळी होती. मी सकाळी शिफ्टवर आलो की आठ-दहा कोऱ्या परमिटांवर एकदमच सह्या करून ठेवायचो, म्हणजे दिवसभर कोणी मागे लागत नाही. बरेच जण असंच करायचे. एकटे काका माझं सही केलेलं कोरं परमिट परत आणून टेबलावर ठेवत. "साहेब, आकडा आधी, सही नंतर." मला चीड यायची. रविवारी जी शिकवण मी मान डोलवत ऐकायचो, तीच सोमवारी नको असायची.

त्या दिवशी मीटरची बॅटरी गेली. काका दुसऱ्या प्लांटमधून मीटर आणायला गेले. जाताना कंत्राटी कामगार काशिनाथच्या कमरेला दोर बांधून, "मी येईपर्यंत हलायचं नाही," असं बजावून गेले. तेवढ्यात वरून फोन आला, बॅच कधी लागणार. आवाज चढलेला होता. मी फोन ठेवला, सही केलेलं परमिट ओढलं, त्यावर नेहमी येतो तो आकडा लिहिला आणि काशिनाथला म्हणालो, "उतर. काका तपासून गेलेत."

काका मीटर घेऊन आले तेव्हा दोर ढिला पडला होता, आतल्या वाफेने काशिनाथ बेशुद्ध झाला होता. त्यांनी आणि आणखी दोघांनी तो दोर ओढला, म्हणून काशिनाथ जिवंत बाहेर आला. मी टेम्पो बोलावला, त्याला दवाखान्यात नेलं. तो वाचला, पण छाती कायमची अधू झाली. कुंभवलीचा धडधाकट गडी, पुन्हा कंपनीच्या कामाला कधी गेला नाही.

चौकशीत मला विचारलं, आकडा कोणी सांगितला. मी म्हणालो, सायमनने तोंडी सांगितला, मी लिहिला. काका समोर बसले होते. त्यांनी माझ्याकडे पाहिलं... रागाने नाही, अवघड ओळ वाचताना पाहत तसं. त्यांना विचारलं तेव्हा ते म्हणाले, "मी मीटर आणायला गेलो होतो." पुन्हा विचारलं, पण आकडा तुम्ही सांगितला का? काका बोलले नाहीत. त्यांनी नाही म्हणावं म्हणून मी आतल्या आत देवाचा धावा करत होतो, आणि म्हणू नये म्हणूनही. महिनाअखेरीस त्यांचा राजीनामा घेतला गेला. ते गप्प का राहिले, मला ठाऊक नाही. त्यावर मोठे अर्थ लावायचा हक्क मला नाही.

दोन रविवार मी गेलो नाही. तिसऱ्या आठवड्यात काकांचा निरोप आला, "पाठ अर्धा राहिलाय." गेलो. त्यांनी नेहमीसारखा पेला भरून हातात दिला. बसेपर्यंत निम्मा चहा चटईवर गेला. काकांनी फडका आणून पुसला. म्हणाले, "असू दे. परत भरू." बस. त्यानंतर बारा वर्षं मी जात राहिलो. दर रविवारी वाटायचं, आज बोलू. रिक्षातून उतरताना वाक्यसुद्धा तयार असायचं. मग वही उघडायची, आणि शब्दांच्या आड लपायला मला जागा मिळायची. लोक म्हणत, विलासचा काकांवर किती आदर. मी त्यांच्या समोर मांडी घालून बसलेला असायचो, आणि पाय मात्र पळत असायचे.

दफनाच्या दिवशी काशिनाथ आला होता. चार पावलं चालला की थांबत होता. मला म्हणाला, "काका दर नाताळाला आमच्याकडं यायचे, सायेब. एकदा रडले. बोलले, मी तुला त्या टाकीच्या तोंडापाशी एकट्याला सोडून गेलो, चूक माझी हाय. मी बोललो, काका, तुमीच त मला वर काढला, आता काय मनात ठेवता?" मग त्याने माझे दोन्ही हात धरले. "आन तुमी गाडी करून दवाखान्यात नेला. नायतर मी नसतो. तुमचे बी उपकार हायेत."

मी काय म्हणालो? म्हणालो, "असू दे, काशिनाथ."

खोली रिकामी करताना रूथने विचारलं, पप्पांचं काही हवंय का. वह्या मागायची हिंमत झाली नाही. पेला मागितला. आता रोज सकाळी तो भरतो आणि ओट्यापासून खिडकीपर्यंत नेतो. बायको म्हणते, थोडा कमी भरा, फरशी चिकट होते. मी कमी भरत नाही. रोज थोडा सांडतोच.

हे छापून येईल, काशिनाथला कोणीतरी वाचून दाखवेल, आणि माझं काम परस्पर होईल, अशी आशा लिहायला बसताना होती. तेही पळणंच आहे. काशिनाथ कुंभवलीला राहतो, माझ्या घरापासून तासाभराच्या आत. त्याच्या अंगणात उभं राहून मला त्याला सांगायचं आहे की हवा तपासलेली नव्हती, आकडा मी लिहिला, उतर असं मी म्हणालो, आणि दोष काकांवर मी टाकला. मग तेच रूथला. अजून मी गेलेलो नाही.