डिप्टीसाहेब, मेंबरसाहेब आणि आमची कन्याशाळा

निवृत्त शिक्षिकेच्या घरी खडूचे तुकडे आणि किस्से न मागता साठत जातात. खडूचे तुकडे मी कधीच वाटून टाकले. किस्से मात्र वाटले तरी संपत नाहीत, उलट वाढतात! आम्ही काही जुन्या शिक्षिका अधूनमधून दुपारच्या चहाला जमतो, तेव्हा प्रत्येकीला आपलाच किस्सा अव्वल वाटतो. माझी अट एकच असते. सांगणारीने आधी वाक्य पूर्ण करावे, मग हसावे. अर्ध्या वाक्यात स्वतःच हसू लागणाऱ्या बाईचा किस्सा मी ऐकून घेत नाही!

आज माझी पाळी आहे. तेव्हा सर्वांनी नीट बसावे.

ही हकिकत पन्नास सालानंतरच्या काळातली. आपल्याकडच्या प्राथमिक शाळा तेव्हा तालुक्याची जनपद सभा चालवीत असे. समुद्रपूरच्या बाजूला, कापसाच्या एका गावात सभेची कन्याशाळा होती आणि मी तिची एकमेव शिक्षिका. दोन खोल्या, वर कवेलूंचे, म्हणजे कौलांचे, छप्पर, पुढे ओसरी. मुलींना घरोघरून बोलावून आणायला सभेने कासाबाई नावाची एक बाई नेमलेली होती. तिची हाक गावाच्या वेशीपर्यंत पोचत असे.

आमच्यावर देखरेख दोघांची. शाळा तपासायला डिप्टीसाहेब सायकलवरून येत. काळी टोपी, इस्त्रीचा कोट, आणि नियमाला अपवाद असतो हे त्यांना कोणी शिकवलेच नव्हते. दुसरे सभेचे मेंबर गणपतराव. गावातले मोठे शेतकरी. बैलाशी आणि सभेच्या अध्यक्षांशी एकाच पट्टीत बोलणारे!

गणपतरावांनी पहिल्याच भेटीत मला स्वच्छ सांगितले, "बाई, इतके वर्षं झाले, तुमच्या शाळेतून एकही पोरगी चौथी पास झाली नाई. दुसरीत गळतेत, तिसरीत गळतेत. सभा कायले खर्च करन? यंदा एक तं पोरगी पास करून दाखवा, नाई तं ह्या खोल्या मले द्या. कापूस ठेवाले जागा नाई माह्याकडं!"

खोल्या गेल्या असत्या, तर मुलांच्या शाळेत आपली मुलगी धाडणारे घर त्या गावात नव्हते. म्हणजे शाळा बंद झाली की मुलींचे शिकणेच बंद. आणि त्या वर्षी चौथीच्या वर्गात मुलगी होती एक. सुमित्रा. बारीक चणीची, मोठ्या डोळ्यांची, प्रश्न संपण्याआधी उत्तर देणारी. ही शेवटची सवय मोडायला मी वर्षभर झटले.

*

श्रावणात झड लागली आणि दोन्ही खोल्या गळू लागल्या. मी सभेकडे अर्ज केला. उत्तर आले, "मेंबर पाहणी करतील."

गणपतराव भर पावसात आले आणि खुर्चीवर बसले. मी टेबलावर पट्टी वाजवली. पहिली रांग पाट्या पोटाशी धरून डावीकडे सरकली. पुन्हा पट्टी. दुसरी रांग मागे, तिसरी भिंतीला. कुठून कधी गळू लागते हे मुलींना पाठ झालेले होते!

गणपतराव खूश. "वा बाई! कवायत मस्त बसवली तुमी!"

मी वर बोट दाखवले. त्यांनी मान वर केली आणि नेमका एक थेंब त्यांच्या कपाळावर पडला. दारातून कासाबाई म्हणाली, "मेंबरसाहेब, सरका. आता तुमचा नंबर आला!"

कवेलू दोनच दिवसांत आले. सभेच्या गाडीतून नव्हे, गणपतरावांच्या. मी आभार मानले, तर हात झटकून म्हणाले, "आभार कायचे? कापसालेही कवेलू लागतेच ना, बाई!"

*

आपला जिल्हा वर्धा. इथे पाटीपेन्सिल नसली तरी चालेल, पण प्रत्येक मुलाच्या हाती सूत कातायची टकळी हवीच. डिप्टीसाहेब वाचन तपासत तितक्याच कठोरपणे सूत तपासत.

एकदा पहिलीतल्या शेवंतीचा धागा तुटला. शेवंती ही सुमित्राची धाकटी बहीण. तपासणीला हजर असलेले गणपतराव म्हणाले, "अवं, इतकं सोपं काम! आन इकडं." आणि धोतर सावरून खाली बसले.

धागा तुटला. जोडला, तुटला. टकळी गरगरत कपाटाखाली गेली. कासाबाईने ती काढून दिली. धागा पुन्हा तुटला. अखेर शेवंतीने त्यांच्या हातातून टकळी अलगद काढून घेतली आणि समजुतीच्या स्वरात म्हणाली, "राहू द्या, काका. तुमी कापूस इकतच जा!"

डिप्टीसाहेब सूत उजेडात पाहण्यासाठी खिडकीकडे वळले. सूत काही फार बारीक नव्हते. पण साहेबांचे खांदे बराच वेळ हलत होते.

*

दिवाळीनंतर कापूस फुटला आणि शाळा ओस पडली. कासाबाई दारोदार फिरून एकटीच परत आली. "आया म्हणतेत, वेचणी झाल्यावर येतीन पोरी." वेचणी संपेपर्यंत सुमित्राचे निम्मे पुस्तक राहिले असते. मग मी शाळेला कुलूप लावले, गुंडाळायचा फळा कासाबाईच्या डोक्यावर दिला आणि दोघी शेतात गेलो. दुपारी भाकरीच्या वेळी बाभळीखाली वर्ग भरू लागला.

नेमके तेव्हाच डिप्टीसाहेब न कळवता तपासणीला आले. शाळेला कुलूप! खडू न्यायला आलेली कासाबाई त्यांना ओसरीवर भेटली. साहेब कडाडले, "शाळा कुठे आहे?"

कासाबाई शांतपणे म्हणाली, "कापूस वेचाले गेली, साहेब!"

साहेब सायकल ढकलीत धुऱ्याधुऱ्याने, शेतांच्या बांधांवरून आले. कोटाला कुसळे, टोपीवर धूळ. मला वाटले, नोकरी गेली. त्यांनी सुमित्राला धडा वाचायला सांगितला. ओटीत कापूस तसाच ठेवून ती उभी राहिली आणि एकही अक्षर न अडखळता वाचून खाली बसली. साहेबांनी बाभळीला टेकून शेऱ्यांची वही मागितली. नियमाप्रमाणे पहिला शेरा इमारतीबद्दल लिहावा लागे. त्यांनी वर पाहिले, चौफेर पाहिले आणि लिहिले: "इमारत हवेशीर आहे."

*

माघातल्या तपासणीत साहेबांनी पहिलीला दिशा विचारल्या. शेवंती उभी राहिली.

"आपल्या गावाच्या पूर्वेला काय आहे?"

"माही आत्या."

"पश्चिमेला?"

"तिकडं कोणी नाई, साहेब. तिकडच्याइशी आमचं भांडण हाये!"

वर्ग हसला. साहेबही जवळजवळ हसले. "उत्तरेला?"

"मामा. पण तो गरीब हाये."

"आणि दक्षिणेला?"

शेवंतीने बहिणीकडे पाहिले. "तिकडं ताईले द्यून राह्यले. चैतात."

सुमित्रा पाटीवरची रेघ बोटाने पुसत राहिली. मला या लग्नाचे काही ठाऊक नव्हते. चैत्रातच तर परीक्षा!

त्याच संध्याकाळी साहेब, मी आणि कासाबाई सुमित्राच्या घरी गेलो. वडील नामदेव हा गरीब, सरळ माणूस. त्याने खाट झटकून दिली, पाणी दिले आणि म्हणाला, "साहेब, तुमचं समदं खरं. पण पोरगी शिकली तं पोरगाही शिकलेला पाहा लागते. तो मी कुठून आणू?"

साहेबांकडे प्रत्येक गोष्टीसाठी नियम असे, याला नव्हता. उत्तर दिले कासाबाईने. "काऊन रे नामदेवा, अडाणी पोरगा काय फुकट भेटून राह्यला तुले?"

नामदेव हसला. मग आढ्याकडे पाहत म्हणाला, "परीक्षेपर्यंत थांबतो. पास झाली तं पुढचं पाहू. पण नापास झाली, तं मंग मले कोणी अडवू नका."

आता त्या एका परीक्षेवर दोन खोल्या तर अवलंबून होत्याच. सुमित्राचे बालपणही येऊन बसले.

*

परीक्षेचे केंद्र शेजारच्या मोठ्या गावी, मुलांच्या शाळेत. आम्ही बैलगाडीने निघालो, तर सुमित्रा कडेवर धाकटा भाऊ घेऊन उभी! आई मजुरीला गेलेली, शेवंतीला तो उचलवत नसे. ठेवणार कोणाजवळ? मी काही बोलणार, तोच कासाबाई म्हणाली, "बसू द्या, बाई. मी हाये ना!"

केंद्रावर डिप्टीसाहेबांनी स्वतः नियम वाचून दाखवला. "पेपर सुरू असताना जो बोलेल, तो बाहेर जाईल. पुन्हा आत येणार नाही." सभेतर्फे गणपतरावही देखरेखीला आलेले होते. आम्ही ओसरीवर बसलो. सुमित्रा आत, खिडकीजवळ.

गणिताचा पेपर वाटला गेला आणि इकडे लेकराने भोकाड पसरले. कासाबाईने खांद्यावर घेतले, गाणे म्हटले, गूळ चाटवला, बैल दाखवले. व्यर्थ! खिडकीतून मला दिसत होते: सुमित्राचा कागद कोरा, आणि डोळे भरलेले.

कासाबाई रडकुंडीला येऊन म्हणाली, "बाई, हे पाढ्याबिगर उगं राहात नाई! पोरगी याले झोळीत टाकून पाढेच पाठ करते. याले दुसरं गाणं ठाऊकच नाई. आन मले पाढे येत नाई!"

मी तोंड उघडले, तोच डिप्टीसाहेब समोर. "बाई, तुम्ही नाही. तुमची विद्यार्थिनी आत गणित सोडवते आहे. बाहेरून पाढा ऐकू गेला, तर ती नक्कल ठरेल."

"मग लेकराचे काय करायचे, साहेब?"

साहेबांनी खिडकीकडे पाहिले. टोपी काढून कासाबाईच्या हाती दिली. लेकरू उचलून इस्त्रीच्या कोटावर घेतले आणि ओसरीवर येरझारा घालीत, अत्यंत गंभीरपणे म्हणू लागले, "सात एके आठ. सात दुणे पंधरा. सात त्रिक वीस..."

नियम मोडला नाही, आणि लेकरू गप्प झाले! त्याने अंगठा तोंडात घातला आणि मान साहेबांच्या खांद्यावर टाकली. त्याला चालीशी मतलब, उत्तराशी नव्हे.

गणपतराव माझ्या कानाशी येऊन म्हणाले, "बाई, हे खरंच डिप्टी हायेत ना?"

"साहेब नियम पाळत आहेत," मी म्हणाले. आयुष्यात इतका चुकीचा पाढा मी मुकाट्याने ऐकून घेतला नव्हता. आत सुमित्राने डोळे पुसले आणि लिहायला सुरुवात केली.

"सात चोक तीस. सात पाचे चौतीस. सात सक चाळीस. सात सत्ते पन्नास..."

"चुकलं जी, साहेब! एकोणपन्नास!"

खिडकीतून आलेला तो बारीक, खणखणीत आवाज साऱ्या शाळेने ऐकला. निकाल मला त्याच क्षणी कळला. पण नियमही मला ठाऊक होता. आत पर्यवेक्षण करणारे हेडमास्तर ताडकन उठले. साहेब जागच्या जागी थांबले. लेकरू खांद्यावर, चेहरा दगडाचा.

"कोण बोलले?"

कोणी हलले नाही. सुमित्राची पेन्सिल हातातच राहिली.

तेवढ्यात माझ्या शेजारून, बैलांना थांबवणाऱ्या त्या आवाजात, गणपतराव म्हणाले, "मी बोललो."

हेडमास्तर खिडकीतून डोकावले. "पण मेंबरसाहेब, आवाज तर मुलीसारखा..."

"माहा गळा बसला हाये!"

डिप्टीसाहेबांनी गणपतरावांकडे पाहिले. मग खिडकीकडे. मग पुन्हा गणपतरावांकडे. दोन पावले पुढे येऊन त्यांनी ते लेकरू अलगद गणपतरावांच्या हातांत दिले.

"ठीक. मग पुढचे आता तुम्हीच म्हणा."

गणपतरावांनी लेकरू छातीशी धरले, मुंडासे सावरले, आणि पलीकडच्या शेतापर्यंत ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "सात अठ्ठे... साठ!"

आत सुमित्राने दोन्ही ओठ घट्ट दाबून धरले, आणि मान खाली घालून लिहू लागली.