दारावरचा जपानी राक्षस
दसरा, १९७४. किंमत पंधरा रुपये. हजर मी, वडील आणि माझी सात वर्षांची मुलगी. सांगलीला सुट्टीवर आलेल्या एका खलाशाकडून मी तिच्यासाठी जपानी खेळणं आणलं होतं. वीतभर उंचीचा हिरवा रबरी राक्षस, हात-पाय फिरणारे, दातांचा रंग कुठेही ओघळलेला नाही. आष्ट्यात आमच्या नव्या घराचं बांधकाम चालू होतं. वडिलांनी तो निरखला. "लय भेसूर हाय. घराला दृष्ट लागायची न्हाई." त्यांनी गवंड्याकडून तो काळ्या दोरीनं चौकटीवर उंच बांधून घेतला. "दादा, पोरीचा हाय तो," मी वडिलांना म्हणालो. "दृष्टीला बांधल्यालं वास्तुशांतीआधी सोडत न्हाईत, गड्या." पुढं सिमेंटचं परमिट मिळेना आणि काम थांबलं. मुलगी शाळेतून आली की त्याच्याखाली उभी राहायची. वडिलांचा शब्द मला मोडवत नव्हता आणि तिच्याकडं बघवत नव्हतं. वास्तुशांत झाली दोन वर्षांनी. राक्षस खाली आला तो उन्हानं पुढून पांढरा पडलेला, पाठ तेवढी हिरवी. मुलीनं तो उलटसुलट पाहिला आणि आजोबांच्या हातात दिला. "आबा, बांधा परत. त्याला आता तिथलीच सवय झालीया." आज घर रंगवायला तो उतरवला, तर रबराचा वास तसाच आहे. त्या दिवशी तो परत बांधायचा सव्वा रुपया गवंड्याला मीच दिला होता.