कमलचं नाक

कमलच्या हातात काहीही द्या, आधी ती त्याचा वास घ्यायची. लग्नाची पत्रिकासुद्धा. भांडुपच्या आमच्या चाळीतली पोरं हसायची. पण त्याच नाकावर तिचं घर चालत होतं.

गल्लीच्या टोकाला प्लास्टिक भंगाराचं गोदाम होतं. बोटीने परदेशचा माल यायचा. फुटके टीव्ही, कीबोर्ड, डबे. कमल तुकड्याचं टोक लायटरने पेटवायची, फुंकून विझवायची आणि धूर हुंगायची. मेणबत्तीसारखा वास आला तर चांगला माल, डावीकडे. डोळे झोंबले तर वाईट, उजवीकडे. मी शेजारी बसून स्क्रू काढायचे. "त्यांचा कचरा, आपली भाकरी," ती म्हणायची. "नाक आहे तोवर माझी पोरगी शिकणार." नवरा कधीच गेलेला. माल वाढला, मजुरी वाढली, तसं तिने सुनीताला नर्सिंगला घातलं.

सुनीताच्या शेवटच्या वर्षाला कमलचे ढीग चुकायला लागले.

"अगं, हे डावीकडचं नाही."

ती हळूच म्हणाली, "मला वासच येत नाही गं. दोन महिने झाले. शेटला सांगू नकोस."

"सोड हे काम. डॉक्टरकडे जा."

"सोडते ना. सुनीता पास झाली की सोडते."

मग आम्ही ठरवलं. धूर तिने करायचा, हुंगायचा मी. मी एकदा खोकले की चांगला माल, दोनदा खोकले की वाईट. वर्षभर शेटला कळलं नाही. "म्हातारे, औषध घे की!" तो मलाच ओरडायचा. कमल पदराआड हसायची. हसता हसता तिला खरा खोकला लागायचा, तो थांबायचा नाही.

सुनीता पास झाली. कमलने काम सोडलं, पण धुराने तिची छाती सोडली नाही.

मी खोकले नसते तर शेटने तिला तेव्हाच काढलं असतं. ती कदाचित अजून जगली असती, आणि पोरगी कुणाची तरी भांडी घासत असती. यातलं बरं कुठलं, मला आजही ठरवता येत नाही. कमलला विचारलं होतं. "वेडी आहेस का?" एवढंच म्हणाली.

ती गेली त्या दुपारी सुनीता ड्यूटीवरून तशीच आली. कमलने लेकीचा हात ओढून नाकाशी धरला, मग माझ्याकडे पाहिलं. मी वाकून तो हात हुंगला. दवाखान्यातल्या साबणाचा वास होता.

मी एकदाच खोकले.