पस्तीसवर थांबणारा माणूस

परवा दुपारी अंगणात तेंदूपत्ता बांधत बसलो होतो, मी आणि माझी सून सुषमा. सत्तर पानांचा एक पुडा. हात पानांवर होते, पण तिची नजर मांडीजवळच्या पुस्तकावर...

येत्या रविवारी तिचा पोलीस भरतीचा लेखी पेपर आहे. धावण्यात ती पास झाली, रोज पहाटे मार्कंड्याच्या रस्त्यावर धावते. पण मागच्या भरतीत गणितानं तिला घरी बसवलं होतं.

"आई, हे लसावि डोक्यात शिरूनच नाई राह्यलं. एक घंटा दर पाच मिनिटांनी वाजते, दुसरी दर सात. आता दोन्ही एकदम वाजल्या. परत एकदम कधी?"

"पस्तीस मिनिटांनी." माझ्या तोंडून निघून गेलं.

ती बघतच राहिली. "तुमाले कसं कळलं?"

काय सांगू... अक्षरं मी बसच्या पाट्या वाचून एकटीच शिकले, लसावि मात्र कधी ऐकलं नव्हतं. पस्तीस तेवढे ओळखीचे होते. तिचे सासरे पस्तीसवर थांबायचे.

ह्यांचा पंजा मोठा. एका वेळी सात पानं उचलायचे, मी पाच. ते सात, चौदा, एकवीस म्हणत जायचे, मी पाच, दहा, पंधरा. दोघांच्याही तोंडी येणारा पहिला आकडा पस्तीस. हे आधी पोहोचायचे आणि हात थांबवून मला चिडवायचे, "काऊन वं, बैलगाडीनं येऊन राह्यली का? ये, मी थांबतो." मग सत्तरवर पुन्हा भेट... दोघांचाही एकेक पुडा पूर्ण.

सुषमा हसली. "म्हणजे नुसता गुणाकार! मंग चार आन् सहाचे चोवीस."

"पानं टाकून पाहा," म्हटलं. तिनं सहा-सहा टाकली, मी चार-चार. बारावरच गाठ पडली. चार आणि सहा दोन्ही दोननं कापले जातात, म्हणून लवकर भेटतात. पाच आणि सातात तसं सारखं काहीच नाही... आम्हा दोघांतही नव्हतं. ते बोलके, मी घुमी.

तिला ते पटलं. म्हणाली, "आता मी सात-सात घेते, तुमी पाच घ्या. पण मोठ्यानं मोजा, मले ऐकू आलं पायजे."

तेव्हा लक्षात आलं... हे गेल्यापासून मी पानं मनातच मोजत होते.

पाच... दहा... पंधरावर आवाज अडकला.

"जोरानं ना आई! पेपर मले आहे, घाबरता तुमी!"

हसू आलं, डोळेही भरले. वीस म्हटलं, पंचवीस म्हटलं... संध्याकाळपर्यंत घसा बसला.

रविवारी तिचं काय होतं ते कळेलच. अंगणात पुन्हा मोजणीचा आवाज आला, त्यासाठी मात्र मी या पोरीची आजच आभारी आहे.