दीड दिवसाची नळी

दादाला रक्ताचा कर्करोग आहे. रोजच्या एका गोळीने तो सहा वर्षं दबून राहिला आहे. यंदा डॉक्टर म्हणाले, हाही रिपोर्ट स्वच्छ आला तर गोळी थांबवून बघू. रक्त लालबागच्या दवाखान्यात काढायचं आणि नळी बर्फात घालून लगेच परळच्या लॅबमध्ये द्यायची. तपासतात तो रोगाचा आरएनए, आणि तो फार टिकत नाही. नेण्याचं काम माझ्याकडे होतं.

त्या दिवशी गणेश चतुर्थी. नळी घेऊन मी वाटेत घरी डोकावलो. वहिनी म्हणाली, "भावोजी, आरती होईपर्यंत नळी देवापुढे राहू दे."

मी देव मानत नाही, वहिनीला मानतो. आमच्याकडे आरती एकावर थांबत नाही. मग मोदक, मग पाहुणे, मग पत्ते. दुसऱ्या संध्याकाळी विसर्जनाला मूर्ती उचलली तेव्हा दुर्वांखाली, दिव्यांच्या माळेच्या उबेत, नळी दिसली. ती खिशात घालून मी कुणाला न सांगता लॅब गाठली.

"रक्त कधी काढलं?" खिडकीतल्या मुलीने विचारलं.

"आज सकाळी." नळीवर नाव होतं, वेळ नव्हती.

रिपोर्ट आला: रोग आढळला नाही. पेढे आले. मी माझा तसाच वाटीत ठेवला. डॉक्टरांनी एकदा सांगितलं होतं, या रोगात पेशींना आवर घालणारी काही जनुकं मोडत नाहीत, त्यांच्यावर रासायनिक शिक्के बसतात आणि ती गप्प होतात. गप्प म्हणजे ठीक नव्हे, एवढं मला तेव्हाच कळलं होतं. आता हा रिपोर्ट कशामुळे गप्प होता? रोग गेला होता, की नळीतला आरएनए?

दादा गोळ्यांचं पाकीट कपाटात टाकत म्हणाला, "डॉक्टरांना फोन लावतो. उद्यापासून सुट्टी."

मी सगळं सांगितलं. तो माझ्याकडे वळला.

"आम्हाला जन्मभर शास्त्र शिकवलंस ते तूच ना रे?"

मग त्याने पाकीट काढलं, गोळी घेतली आणि म्हणाला, "उद्या परत रक्त काढू. नळी तुझी वहिनी नेईल."

वहिनीने बर्फाचा डबा मांडीवर धरून टॅक्सी केली. खिडकीवर तिने कुणी विचारायच्या आधीच वेळ सांगितली, मिनिटांसकट. शिवाय आधीची नळी कुठे होती तेही. मी मागे उभा होतो.

रिपोर्ट सोमवारी आहे. दादा माझ्याशी नेहमीसारखाच बोलतो. त्याचीच जास्त भीती वाटते.