ठोकेवाले भाऊ आणि पुण्याचा फोन

ठोकेवाल्या भाऊंच्या हातात घड्याळ कधी दिसलं नाही, पण तोंडात मात्र सदा क्लॉकच. विद्यापीठाच्या नामांतराच्या आधीची एक-दोन वर्षं असतील. आमच्या बोरी गावात नवं इलेक्ट्रॉनिक टेलिफोन एक्स्चेंज आलं, ते सांभाळायला भाऊ आले. एकटेच. दुपारचा डबा आमच्या घरून जायचा, म्हणून मला ते माहीत.

एकदा मी विचारलं, हे क्लॉक म्हणजे काय हो? म्हणाले, "वैनी, लेझमीला हलगी असती ना, तसं. परभणीहून तारेतून ठोका येतो, त्यावर आमच्या मशीननं पाय टाकायचा. तार तुटली की ते आपल्याच मनानं चालतं. हळूहळू सरकतं, आन् त्याचं त्याला कळत बी न्हाई." मग फोनवर टक् टक् वाजायचं, बोलण्यातला एखादा तुकडा गळायचा. पारावरचे लोक चिडवायचे, "काय ठोकेवाले, आज परभणीचं ऐकायलाय का मशीन?" ते हसून म्हणायचे, "मशीन ऐकायलाय. पोरगंच ऐकंना."

पोरगा पुण्याला नोकरीला. आई गेली तेव्हा बाप दूरच्या एक्स्चेंजवर दुरुस्तीत अडकलेला, मातीलासुद्धा पोचला नाही. तेव्हापासून पोरानं बोलणं टाकलं होतं. भाऊंनी फोन लावला की तो ठेवून द्यायचा.

आणि एका दुपारी, मी डबा उघडून देत होते, तर त्याचाच फोन आला. भाऊंच्या हातातली भाकरी हातातच राहिली. "बोल बाळा," म्हणाले. पोरगा बोलू लागला, आणि भाऊंच्या कपाळाला आठी पडली. आदल्या दिवशी तारेची दुरुस्ती झाली होती. मशीन परत परभणीच्या ठोक्यावर लावायचं भाऊ विसरले होते. "थांब रे, तुझा शब्द तुटायलाय," म्हणत रिसीव्हर टेबलावर ठेवून आत पळाले. काय दाबलं देव जाणे, मशीनवरचे सगळे दिवे गेले आणि एकेक करून परत लागले. "आता साफ येईल," असं मलाच सांगत त्यांनी रिसीव्हर कानाला लावला. फोन तुटला होता.

पोराला वाटलं असणार, बापानं ठेवला. भाऊंनी लगेच लावला, तर त्याचे घरमालक म्हणाले, बाहेर गेलाय. नंतरही रोज तेच.

मला राग आला. म्हटलं, अहो, दोन शब्द गळले असते तर काय बिघडलं असतं? भाऊ डब्याकडे बघत म्हणाले, "वैनी, त्याचा एक बी शब्द गळू द्यायचा नव्हता मला."

त्यानंतर पारावरच्यांनीही चिडवणं सोडलं. वर्षाच्या आत बदली झाली. यष्टीपाशी पोचवायला मी गेले, तर हळूच म्हणाले, "आधी पुण्याला जावं म्हनतो. पन दारात काय म्हनू?"

मी म्हटलं, "म्हणा, त्या दिवशी तू काय सांगत होतास, ते ऐकायला आलोय."

पुढे काय झालं ते मला कधी कळलं नाही. गाडी निघाली तेव्हा ते खिडकीशी बसले होते. माझ्याकडे त्यांचं लक्ष नव्हतं. ओठ हलत होते. तेच वाक्य पुन्हापुन्हा म्हणून बघत होते.